विटबिअरला केळीचा वास यावा का? सावद्याच्या गच्चीवर झालेली चव-परीक्षा

सावदेकर

मंडळी, होळीच्या आधीच्या रविवारी आमच्या गच्चीवर पाच जणांनी चार बिअर चाखल्या आणि रात्री साडेदहापर्यंत वाद चालला तो केळीवरून. आमचा धंदा केळीचा, पिकवणीच्या चेंबरमध्ये आयुष्य गेलं, म्हणून हा विषय मला फार जवळचा आहे. सविस्तर लिहितो.

मेहुणा पुण्याहून येणार होता. त्याला सांगून आइसबॉक्समध्ये बर्फ घालून बाटल्या मागवल्या. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअर, म्हणजे विटबिअर, तीन निरनिराळ्या. आणि मुद्दाम एक जर्मन पद्धतीची गव्हाची. बायकोनं जिन्याच्या दाराआड ग्लास भरले, बुडाशी चिकटपट्टीवर १ ते ४ आकडे लिहिले आणि फेस बसायच्या आत हातात दिले. कुठल्या आकड्याला काय आहे ते फक्त तिला माहीत. प्रत्येक ग्लासात १०० मिली, त्याहून जास्त नाही.

तिसरा ग्लास नाकाजवळ नेला आणि मला एकदम आमचं चेंबर आठवलं. हिरवा माल आत जातो तेव्हा त्याला वास नसतो. १६-१८ अंशांवर इथिलीन, म्हणजे फळ पिकवणारा वायू, देऊन ठेवला की चौथ्या-पाचव्या दिवशी दार उघडताना जो गोड भपका अंगावर येतो, हुबेहूब तो. आमच्यातल्या दोघांनी डोळे झाकून ५० पैकी ४३ आणि ४१ गुण दिले. "हीच खरी गव्हाची बिअर" म्हणाले. मी दिले २४. चिठ्ठी उघडली तर ती जर्मन निघाली.

आता मित्रांचं म्हणणं असं, की जी प्यायला सगळ्यांत छान लागली तिला कमी गुण देणं हा अन्याय आहे. माझं म्हणणं असं, की आपण विटबिअर तपासायला बसलो होतो. जर्मन म्हणून मी तिला ४० दिले असते. भरताचं वांगं म्हणून कोणी काटेरी छोटं वांगं आणून दिलं तर ते वांगं वाईट नसतं, पण भरताला ते चालत नाही.

दोन्हींत गहूच आहे, मग फरक कुठे? जर्मन वाइसबिअरमध्ये निम्म्याहून अधिक माल्ट गव्हाचं असतं, म्हणजे गहू भिजवून, मोड आणून, वाळवलेला. तिचं यीस्ट आंबताना आयसोअमाइल ॲसिटेट बनवतं. पिकल्या केळीचा जो मुख्य वास, तोच हा पदार्थ. सोबत लवंगेसारखा वास देणारं दुसरं एक द्रव्य. केळी आणि लवंग ही त्या बिअरची ओळख. धणे, साल, काही नाही.

बेल्जियन विटमध्ये मोड न आणलेला, कच्चा गहू घालतात, जवळजवळ निम्मा. बाकी जवाचं माल्ट, कधी थोडे ओट. शिवाय ठेचलेले धणे आणि कडू संत्र्याची वाळलेली साल, जिला कुरासाव म्हणतात. कुरासाव हे कॅरिबियन समुद्रातलं बेट. ते डचांच्या ताब्यात होतं, त्यामुळे तिथली साल बेल्जियमच्या भागात सहज यायची. हॉप्सचा, म्हणजे बिअर कडू करणाऱ्या फुलांचा, कडवटपणा नावाला. अल्कोहोल साधारण ४.५ ते ५.५ टक्के. विटचं यीस्टसुद्धा थोडा मिरीसारखा तिखट गंध देतं, पण केळी यायचीच तर दुरून, कोणी तरी शेजारच्या खोलीत सोलल्यासारखी.

ही बिअर एकदा संपली होती, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. बेल्जियममध्ये हूगार्डन नावाचं छोटं गाव आहे. एके काळी तिथे तीसहून जास्त ब्रुअऱ्या होत्या. १९५० च्या दशकात शेवटची बंद पडली. पिएर सेलिस नावाचा गावातला दूधवाला तरुणपणी तिथे हाताखाली काम करायचा. त्यानं आठवणीवर भिस्त ठेवून १९६६ मध्ये पुन्हा ती काढायला घेतली. १९८५ मध्ये त्याच्या ब्रुअरीला आग लागली, मग मोठ्या कंपनीचा पैसा आला, पुढे तो अमेरिकेत गेला आणि १९९२ मध्ये टेक्सासातल्या ऑस्टिनमध्ये नव्यानं सुरुवात केली. २०११ मध्ये गेला. आज जगभर जी विट बनते ती त्या एका दूधवाल्याच्या जिभेच्या आठवणीवर उभी आहे. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

गुण आम्ही बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या अमेरिकी संस्थेच्या तक्त्यानं दिले: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या भाराला ५, एकंदर परिणामाला १०. रूपाला फक्त ३ आणि वासाला १२, यातच सगळं आलं. पहिला वास ग्लास हातात आल्याबरोबर घ्यायचा, फेस असतानाच. तो निसटला की परत येत नाही.

तुमचे अनुभव सांगा. केळी आली तर तुम्ही गुण देता की कापता?

पांझराकाठ

सावदेकर दादा, धागा वाचून लगेच लिहायला घेतलं. मी धुळ्याचा. इथे बारमध्ये बसलं की माणूस 'स्ट्राँग' मागतो, गार एवढीच अट. माझीही पंधरा वर्षं तशीच गेली. पहिल्यांदा विट प्यायलो तेव्हा पाणचट वाटली होती.

प्रश्न असा: ग्लासच्या काठाला संत्र्याची चकती लावून देतात ती लावायची की नाही?

सावदेकर

पांझराकाठ भाऊ, प्यायला बसला असाल तर तुमची मर्जी. तपासायला बसला असाल तर अजिबात नाही. चकतीतून ताजा रस आणि सालीचं तेल उतरतं. तेलानं फेस बसतो, आणि बनवणाऱ्यानं घातलेली साल तुम्हाला कळतच नाही. दोष असलेली बिअरसुद्धा चकतीमुळे बरी वाटते.

आणि ग्लास. आमच्याकडे पहिला अर्धा तास ग्लासातच गेला. घासणीच्या साबणाचा किंवा तेलकट हाताचा अंश राहिला की फेस टिकत नाही आणि बुडबुडे आतल्या बाजूला ठिकठिकाणी चिकटून बसतात. बुडबुडे चिकटलेले दिसले की ग्लास परत धुवायचा. ओताआधी नुसत्या गार पाण्यानं विसळून घ्या, पुसू नका. पंचाचा वास ग्लासाला लागतो.

कुरडईवाली

मी भुसावळची. बिअरबद्दल मला फार कळत नाही, पण ह्यांनी मागच्या महिन्यात नागपूरहून येताना दोन बाटल्या आणल्या तेव्हा घोटभर घेतली होती. मी त्यांना तेव्हाच म्हटलं, "अहो, हा तर चिकाचा वास."

कुरडईसाठी आपण गहू तीन दिवस भिजवतो, रोज पाणी बदलतो. चौथ्या दिवशी वाटून चीक काढतो आणि रात्रभर पातेल्यात ठेवतो. सकाळी वरची निवळ हलक्या हातानं ओतायची, तेव्हा जो वास येतो ना, आंबूस, दुधाळ, कच्च्या पिठाचा, तो मला त्या ग्लासात आला. सासूबाई सांगायच्या, निवळीचा वास नाकात टोचला तर गहू जास्त आंबला, कुरडई लाल पडणार. नुसता गोडसर आंबूस आला तर बरोबर. आम्ही वासावरच ठरवतो.

ती बिअर ढगाळ होती तेही चिकासारखंच. हा माझ्या मनाचा खेळ की खरंच काही संबंध आहे?

सावदेकर

ताई, संबंध आहे आणि तुम्ही जे लिहिलंत ते आमच्या पाच जणांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. त्या ग्लासात कच्चा गहूच आहे. मोड आणलेल्या धान्याचा वास बिस्किटाकडे, पावाकडे झुकतो. कच्च्या गव्हाचा पिठाकडे, कणकेकडे. ढगाळपणा गव्हातल्या प्रथिनांचा, पिष्टाचा आणि तरंगत्या यीस्टचा. जुन्या काळच्या हूगार्डनच्या बिअर तर आजच्यापेक्षा बऱ्याच आंबट असायच्या, कारण दही लावणाऱ्या जातीचे जिवाणू त्यांत आपोआप शिरत. भिजवलेल्या गव्हाला आंबूसपणा येतो तोही त्यांच्याचमुळे. आजही विटमध्ये अगदी हलका आंबट झटका चालतो. टोचला तर दोष. तुमच्या सासूबाईंचा नियम तक्त्यात जसाच्या तसा बसतो.

चिकासारखंच यीस्टही बाटलीच्या तळाशी बसतं. म्हणून बाटली उभी ठेवायची, दोन तृतीयांश ओतायची, उरलेली हलकेच गोल फिरवून गाळासकट ओतायची. तो गाळ न ओतता तपासलं तर अर्धी बिअर बाटलीतच राहिली.

तापीतीर

४३ गुण देणारा तो मीच. सावदेकरांचा शेजारी, वयानं मोठा, म्हणून स्पष्ट बोलतो.

माझं म्हणणं अजून तेच आहे. तक्ता तिकडच्या लोकांनी तिकडच्या जिभेसाठी केला. आपण रावेर-यावल पट्ट्यातली माणसं, केळीच्या वासात वाढलो. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात पेढे वाटले आम्ही. मला केळीचा वास आवडणार नाही तर कोणाला आवडणार? माझ्या नाकाला जे चांगलं वाटतं ते मी कमी का लेखू?

सावदेकर

आप्पा, तुमच्या नाकाबद्दल शंका घेणारा मी कोण. चेंबरमध्ये नुसत्या वासावरून माल किती दिवसांचा हे तुम्हीच मला शिकवलंत. म्हणून तर म्हणतो, की हा वाद आपल्याइतका चांगला कोणी करू शकत नाही. दिल्लीचा माणूस 'फळांचा वास' लिहून मोकळा होईल. आपल्याला कच्ची, कवळी पिवळी, ठिपके पडलेली आणि उतरलेली केळी वेगवेगळ्या कळतात. तुम्ही ग्लास तीनला ठिपक्याची केळी म्हणालात, आणि ते शंभर टक्के बरोबर होतं.

पण ग्लास एकमध्ये तुम्हाला काय आलं ते आठवा. तुम्ही लिहिलंय "काही नाही, साबणासारखं थोडं." तो साबण म्हणजे धणे. केळीचा भपका डोक्यात बसला की धणे ऐकू येत नाहीत, तसे आपल्याला नेहमीच्या वासापलीकडचं ऐकू आलं नाही. मलाही दुसऱ्या घोटाला कळलं.

पांझराकाठ

धण्याचं इथे एक सांगतो, माझं किराणा दुकान आहे. आपल्या घरात धणे म्हणजे भाजलेले. शेवभाजीचा काळा मसाला, भाजून काळपट केलेलं खोबरं, कांदा, धणे. भाजल्यावर धण्याचा वास पार बदलतो, खमंग होतो. बिअरमध्ये ते कच्चेच ठेचून घालतात, म्हणून आपल्याला ओळखू येत नाहीत.

काल दुकानात प्रयोग केला. दहा-बारा धणे खलबत्त्यात नुसते फोडले, वाटले नाहीत, आणि लगेच नाकाशी नेले. लिंबू! अक्षरशः लिंबाची साल, आणि मागून फुलासारखं काही तरी. दहा मिनिटांनी परत घेतला तर लिंबू उडून गेलं होतं, गवतासारखा वास राहिला. आपले धणे लांबट असतात. एकदा मोरोक्कोकडचे गोल धणे हाताळले होते, त्यांत ही लिंबाची धार कमी आणि भाजीच्या देठासारखा वास जास्त होता.

सावदेकर

फार मोलाची माहिती भाऊ. तक्त्याच्या वर्णनातही हेच आहे, की काही प्रकारच्या धण्यांमुळे सेलरीच्या देठासारखा किंवा खारवलेल्या मांसासारखा वास येतो, आणि तो विटमध्ये नको. आपल्याकडचे लांबट धणे या कामाला उत्तम. तो फुलासारखा गंध लिनालूलचा, धण्याच्या तेलातलं मुख्य द्रव्य तेच.

नव्यानं शिकणाऱ्यांनी बिअर आणायच्या आधी हे करावं: कोमट पाण्याच्या एका वाटीत पाच-सहा फोडलेले धणे, दुसऱ्या वाटीत संत्र्याच्या सालीचा फक्त वरचा नारिंगी भाग, तिसरीत आतला पांढरा भाग. दहा मिनिटं झाकून ठेवा आणि एकेक वास व चव घ्या. पांढऱ्या भागाचा कडवटपणा जिभेच्या मागे रेंगाळतो. बिअरमध्ये तो सापडला तर साल निष्काळजीपणे वापरली आहे.

साधा माणूस

मी पीत नाही. आमच्या गल्लीत दारूपायी दोन घरं मोडलेली मी डोळ्यांनी पाहिली. इतक्या प्रेमानं दारूबद्दल लिहिलेलं वाचून त्रास होतो, म्हणून बोललो. राग मानू नका.

सावदेकर

राग कसला. तुम्ही पाहिलंय ते मीही पाहिलंय. आमच्या बैठकीत चारशे मिलीच्या वर कोणी जात नाही, गाडी कोणी चालवत नाही, आणि २१ च्या आतल्या पोरांना गच्चीवर प्रवेश नाही. परवाने सगळ्यांकडे आहेत. तुम्ही आलात तर तुमच्यासाठी धण्याच्या आणि सालीच्या वाट्या असतील. वास ओळखायला बिअर लागत नाही, मनापासून बोलावतोय.

ल्यूव्हनचा धुळेकर

नोकरीनिमित्त चार वर्षं बेल्जियममधल्या ल्यूव्हनमध्ये आहे. हूगार्डन इथून जवळ, साखर कारखान्याच्या टीनेन गावाला लागून. आजूबाजूला सगळी गव्हाची आणि बीटाची शेतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा शिरपूरकडच्या रस्त्यानं जातोय असं वाटलं, फक्त उन्हाशिवाय. इथले लोक नावातला 'ग' घशातून काढतात, 'हूखार्डे' असं काहीसं ऐकू येतं.

विट इथे जाड, सहा पैलूंच्या बुटक्या ग्लासात देतात. जाडी अशासाठी की हाताची ऊब लवकर लागू नये. आपल्याकडे मे महिन्यात तर हे आधी लागू. पण तपासताना उलटं करा. अगदी बर्फगार ग्लासाला वास नसतो. मी आठ-नऊ अंशांपर्यंत येऊ देतो. पहिला घोट थंड, दुसरा पाच मिनिटांनी, तिसरा जवळपास कोमट झाल्यावर. दोष तिसऱ्या घोटाला बाहेर येतात.

तापीतीर

दोष म्हणजे नेमके कुठले? नावं नकोत, वास सांगा.

सावदेकर

आप्पा, आपल्या ओळखीचेच सगळे. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास आला तर उकळताना कमतरता राहिली. लोण्याचा, पॉपकॉर्नवरच्या बटरचा आला तर यीस्टला काम पुरं करू दिलं नाही. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा आला तर बिअर अजून कोवळी आहे.

सगळ्यांत जास्त जो आपल्याला भेटतो तो ओल्या पुठ्ठ्याचा. मागच्या मे महिन्यात मी इथल्याच एका दुकानातून विटची बाटली घेतली होती. काचेच्या कपाटात, दुपारचं ऊन थेट येईल अशी ठेवलेली. भुसावळ-सावद्याचा मे तुम्हाला सांगायला नको, ४५ च्या पुढे पारा. घरी गार करून ओतली. फेस आला तो लगेच विरला, रंग फिकट पिवळ्याऐवजी काळपट सोनेरी, आणि वास केळीचे खोके पावसात भिजून चार दिवस पडल्यावर येतो तसा. धणे नाहीत, संत्रं नाही. मी ४ वेळा हुंगली, कुठे तरी साल सापडेल म्हणून. नाही सापडली. ज्यानं कोणी ती बनवली त्यानं धणे फोडले असतील, साल सोलली असेल, आणि ते सगळं आपल्या रस्त्यावरच्या उन्हानं खाल्लं. फार वाईट वाटलं. उष्णतेनं बाटलीतल्या प्राणवायूचं काम भराभर होतं, आणि विटसारख्या नाजूक, कमी हॉप्सच्या बिअरला लपायला जागा नसते.

म्हणून आधी बाटलीवरची तारीख बघा. सहा महिन्यांच्या आतली घ्या, फ्रीजमधलीच मागा, कपाटातली नको. आणि उन्हाळ्यात बाहेरगावाहून मागवायची तर बर्फात.

कुरडईवाली

बरोबर काय खायचं? ह्यांनी शेवभाजी मागितली होती आणि मग म्हणाले बिअरला चवच नाही.

पांझराकाठ

ताई, शेवभाजी नको. तिखटावर बुडबुड्यांनी आणखी झोंबतं आणि धणे मरतात. आम्ही भरीत करून पाहिलं. बामणोदचं पांढरट-हिरवं वांगं, पऱ्हाट्यांवर भाजलेलं, हिरवी मिरची नेहमीच्या निम्मी, कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी. भाजलेल्या सालीच्या धुरावर विटचं संत्रं असं उठून आलं की दोन मिनिटं कोणी बोललं नाही. पण तपासणी संपल्यावर. आधी खायचं तर नुसती भाकरी किंवा मुरमुरे, आणि पाणी. सुपारी-तंबाखू तासभर आधी बंद.

ल्यूव्हनचा धुळेकर

कळण्याची भाकरी वाचून पोटात कालवलं हो. मन्ह गाव आठवी गयं.

मेहरूणचा

घरी बनवता येईल का? धणे आहेत, गहू आहे, साल आहे.

सावदेकर

परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं आपल्याकडे कायद्यात बसत नाही. त्यावर इथे चर्चा नको, ही विनंती.

तापीतीर

काल दुसरी बैठक झाली. मला सावदेकरांच्या सूनबाईंनी आधी धण्याची वाटी दिली, मग सालीची, मग पाणी. त्यानंतर परत चार ग्लास, आकडे बदललेले.

माझे गुण लिहितो. ग्लास २, जर्मन निघाली: जर्मन म्हणून ४२, विट म्हणून १९. ग्लास ४, बाहेरदेशची विट: ३८. वासात आधी कणीक, मग लिंबू, मग मागे कुठे तरी पांढरी मिरी. केळी शोधली. अगदी शेवटी, ग्लास कोमट झाल्यावर, कवळ्या पिवळ्या केळीची एक झुळूक आली आणि गेली. ग्लास १, देशी विट: ३१, धणे जास्त झाले, गिळल्यावर साबण राहतो. ग्लास ३, तीही देशी: ३५, फेस सगळ्यांत सुंदर, शेवटपर्यंत काठाला जाळी धरून होता, पण सालीचा पांढरा भाग जिभेवर आला.

जर्मन मला अजूनही सगळ्यांत जास्त आवडते. तेही लिहून ठेवा.

सावदेकर

लिहून ठेवलं आप्पा. माझे ग्लास ४ ला ३९. आणि ग्लास ३ मधला पांढरा भाग मला सापडला नव्हता, तुमचं वाचून उरलेली बाटली आज परत उघडली. आहे. गिळल्यावर मोजून तीन-चार सेकंदांनी, जिभेच्या अगदी मागे.